पॉज दाबला की तास सुरू होतो

पत्रकारितेतल्या नीतिमत्तेचा तास. वर्गातले दिवे बंद आहेत, पडद्यावर एक माणूस कानाला हेडफोन लावून बसलाय. त्याची पाठ आपल्याकडे, समोर एक बाई बसलीय आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतेय. तो काय ऐकतोय ते आपल्याला अजिबात ऐकू येत नाही. वर्नर हर्झॉगच्या 'ग्रिझली मॅन' या २००५ सालच्या डॉक्युमेंटरीतला हा प्रसंग. टिमोथी ट्रेडवेल नावाचा माणूस कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात अलास्कात अस्वलांमध्ये जाऊन राहायचा, २००३ मध्ये एका अस्वलानं त्याला आणि त्याच्या मैत्रिणीला मारलं, आणि तेव्हा त्याचा कॅमेरा चालू होता पण लेन्सवर झाकण होतं, म्हणजे चित्र काही नाही, फक्त आवाज रेकॉर्ड झालाय. ती टेप हर्झॉग ऐकतोय आणि समोरची बाई म्हणजे ट्रेडवेलची जुनी मैत्रीण, टेप तिच्या ताब्यात आहे.

इथे मी पॉज दाबते.

दिवे लावते, कोरे कागद वाटते आणि सांगते की फिल्म तुमची आहे, टेप तुमच्या हातात आहे, वापरणार का? किती वापरणार? कारण लिहा, दोनच ओळी, नाव घालू नका. पाच मिनिटं वर्गात फक्त पेनांचा आवाज असतो. कागद गोळा करून मोठ्यानं वाचले की दर वर्षी साधारण तेच दिसतं, बरेच जण म्हणतात थोडासा भाग वापरू, आधी सूचना देऊ, शेवटचं काही ऐकवणार नाही. काही जण म्हणतात सगळी ऐकवा, सत्य आहे ते. अगदी थोडे नाही म्हणतात आणि त्यांना कारण नीट लिहिता येत नाही, "नको वाटतं" एवढंच लिहिलेलं असतं.

मग प्ले. हर्झॉग हेडफोन काढतो आणि त्या बाईला सांगतो की तू हे कधीच ऐकू नकोस, नष्ट करून टाक. प्रेक्षकाला टेप कधीच ऐकायला मिळत नाही.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की इथे वर्ग शांत होईल, सगळ्यांना पटेल, झालं. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण तो ऐकतोय हा शॉट तर त्यानं ठेवलाच ना? आणि शवविच्छेदन करणारा डॉक्टर टेपमध्ये काय आहे ते फिल्ममध्ये सांगतोच की. मग टेप न ऐकवता ऐकवलीच." माझ्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाहीये. पण त्या दिवसापासून मी हा प्रसंग दाखवते तो हर्झॉगनं बरोबर केलं हे सांगायला नाही, त्या मुलीच्या प्रश्नापर्यंत वर्गाला न्यायला.

आधी मी असं शिकवत नव्हते. आचारसंहिता शिकवायचे. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नालिस्ट्सची चार तत्त्वं आहेत ना, सत्य शोधा आणि सांगा, हानी कमीत कमी करा, स्वतंत्र राहा, उत्तरदायी आणि पारदर्शक राहा, ती फळ्यावर लिहायची, प्रत्येकाला एकेक उदाहरण द्यायचं, मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत छान लिहायची. तत्त्वं चांगलीच आहेत, मी आजही शिकवते. पण एकदा एका मुलानं फील्ड असाइनमेंट आणून दाखवली, एका घरात अपघाती मृत्यू झालेला, आणि याचा कॅमेरा त्या घरातल्या आईच्या चेहऱ्यावर हळूहळू झूम होत जातो, ती पदरानं तोंड झाकते तरी झूम चालूच. 'हानी कमीत कमी' या प्रश्नाला त्याच मुलाला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं की अरे तुला ते आठवलं नाही का, तर तो अगदी खरं बोलला. "नाही आठवलं मॅडम, फ्रेम चांगली दिसत होती."

हे वाक्य मी विसरू शकलेले नाही. कारण तो मुलगा वाईट नव्हता, निर्ढावलेला तर अजिबातच नव्हता, त्याला तत्त्व माहीत होतं पण ते फ्रेमला चिकटलेलं नव्हतं. वहीतलं तत्त्व आणि व्ह्यूफाइंडरमधून दिसणारा चेहरा या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या, आणि त्या एकत्र आणणं हे माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. लेख वाचून हे होत नाही असं नाही, पण छापील बातमीत पत्रकार दिसत नाही, तो कुठे उभा होता, किती वेळ थांबला, समोरच्यानं नको म्हटल्यावर काय केलं हे काहीच दिसत नाही. डॉक्युमेंटरीत मात्र प्रत्येक शॉट हा कुणीतरी कुठेतरी उभं राहून घेतलेला निर्णय असतो आणि तो पडद्यावर उघडा पडलेला असतो. थांबवता येतो, मागे नेता येतो, परत बघता येतो.

एडिटिंगचा तास घेताना मी सुरुवात फिल्मपासून करत नाही, स्वतःपासून करते. शिकवायला लागण्याआधी मी काही वर्षं टीव्हीच्या बातम्यांमध्ये होते. एका दुर्घटनेनंतर एका अधिकाऱ्याचा बाईट घेतला, मी विचारलं निष्काळजीपणा झाला का, तो म्हणाला चौकशी चालू आहे, आत्ता काही सांगता येणार नाही. मग थोड्या वेळानं विचारलं की हे टाळता आलं असतं असं वाटतं का, तो म्हणाला हो वाटतं ना, प्रत्येकालाच वाटतं. बातमीचं पॅकेज कापताना बुलेटिनला फार थोडा वेळ उरलेला होता आणि पहिलं उत्तर बेचव होतं, म्हणून मी व्हीओत, म्हणजे बातमीवरच्या निवेदनात, म्हटलं "निष्काळजीपणाबद्दल विचारलं असता" आणि पुढे लावलं "हो वाटतं ना". दोन्ही वाक्यं त्याचीच होती, एकही शब्द मी घुसवला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, ओरडला वगैरे नाही, एवढंच म्हणाला की मॅडम मी ते त्या प्रश्नाला म्हटलं नव्हतं. मी वेळ कमी होता असं काहीतरी बोलले. खुलासा चालवला नाही. माझ्या वरिष्ठांनाही सांगितलं नाही. हे मी वर्गात जसंच्या तसं सांगते कारण आपली शिक्षिका असं करू शकते तर आपणही करू शकतो हे मुलांना कळायला हवं, आणि ते काही फार मोठा कट शिजवून होत नाही, ते बुलेटिनला दहा मिनिटं राहिलेली असताना होतं.

मग 'द जिंक्स'. २०१५ ची सहा भागांची मालिका, रॉबर्ट डर्स्ट या श्रीमंत माणसावर, ज्याच्यावर खुनांचा संशय होता. शेवटच्या भागात मुलाखत संपते, तो बाथरूममध्ये जातो, कॉलरचा माईक चालूच राहिलेला असतो आणि तो स्वतःशी पुटपुटतो. आपल्याला ऐकू येतं की मी हे काय केलं, आणि लगेच, सगळ्यांना मारलं अर्थातच. संपली मालिका. जगभर खळबळ झाली. प्रसारणाच्या आदल्याच दिवशी त्याला अटकही झालेली होती. पण २०१९ मध्ये कोर्टाच्या कागदपत्रांतून त्या रेकॉर्डिंगचा पूर्ण मजकूर बाहेर आला आणि दिसलं की ही दोन वाक्यं अशी लागोपाठ नव्हतीच, मूळ क्रमच वेगळा होता, मध्ये दुसरं बरंच पुटपुटणं होतं. फिल्ममध्ये पहिलं वाक्य प्रश्न झालं आणि दुसरं त्याचं उत्तर.

वर्गात इथे हमखास एक हात वर येतो. "पण मॅडम २०२१ ला तो खुनात दोषी ठरलाच ना, मग काय बिघडलं?" हा प्रश्न फार मोलाचा आहे आणि मी त्याचं उत्तर देत नाही, दुसऱ्या मुलांकडे टोलवते, कारण अर्धे पत्रकार आयुष्यभर हाच युक्तिवाद स्वतःशी करत असतात, माणूस वाईटच होता, मग वाक्य जरा इकडचं तिकडं झालं तर काय. एका वर्षी एका मुलानं दिलेलं उत्तर मला सगळ्यात आवडलं, तो म्हणाला की समजा तो निर्दोष सुटला असता तर आपण हाच क्रम चालवून घेतला असता का, आणि एडिट करताना त्यांना निकाल माहीत होता का?

क्रमाचंच अजून एक उदाहरण मी कागदाच्या कार्डांवर खेळायला देते, इथे क्लिपची गरजच पडत नाही. २००७ मध्ये बीबीसीनं राणी एलिझाबेथवरच्या डॉक्युमेंटरीचा ट्रेलर पत्रकारांना दाखवला, त्यात राणी फोटोसेशनमध्ये फोटोग्राफरवर नाराज होते आणि तडक निघून जाते असं दिसत होतं. प्रत्यक्षात ती चिडचिड करत चालतानाचा शॉट फोटोसेशनला येतानाचा होता. येण्याचा शॉट जाण्याच्या जागी बसला, बस. बीबीसीला माफी मागावी लागली आणि बीबीसी वनचे प्रमुख पीटर फिंचम यांनी राजीनामा दिला. मी तीन कार्डं देते, 'राणी चालतेय आणि चिडून बोलतेय', 'फोटोग्राफर राणीला मुकुट काढायला सुचवते', 'राणीचं तिखट उत्तर', आणि सांगते की वेगवेगळ्या क्रमानं लावा आणि प्रत्येक क्रमाची बातमी एका वाक्यात लिहा. दहा मिनिटांत मुलांच्या चेहऱ्यावर ते उमटतं. कुठलंही कार्ड खोटं नाहीये, तरी बातमी खोटी.

आता संमती. हा भाग मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा आहे आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, दोन दोन तास जातात. मुलांना वाटतं संमती म्हणजे रिलीज फॉर्म, सही घेतली की विषय संपला. फ्रेडरिक वाइजमनची 'टिटिकट फॉलीज' म्हणून १९६७ ची फिल्म आहे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रिजवॉटर इथे मानसिक आजारी कैद्यांना ठेवायची संस्था होती, तिथे १९६६ मध्ये शूट केलेली. संस्थेच्या प्रमुखांची परवानगी होती. आत जे दिसतं ते बघवत नाही, नागडे ठेवलेले रुग्ण, त्यांना डिवचणारे पहारेकरी. एका रुग्णाला नाकातून नळी घालून जबरदस्तीनं भरवतात, भरवणाऱ्या डॉक्टरच्या तोंडात सिगरेट आहे, तिची राख लांबत चाललीय आणि ती आता पडेल का मग पडेल असं आपल्याला होतं, आणि मध्येमध्ये त्याच माणसाचं प्रेत दफनासाठी तयार करतायत असे शॉट येत राहतात.

राज्य सरकार कोर्टात गेलं, म्हणालं रुग्णांच्या खासगीपणाचा भंग झाला. आधी कोर्टानं फिल्म नष्टच करायला सांगितली, वरच्या कोर्टानं ते बदललं आणि डॉक्टर, वकील, विद्यार्थी वगैरे मंडळींपुरतीच ती दाखवायची मुभा दिली, सर्वसामान्य लोकांना ती १९९१ पर्यंत बंद होती.

मी वर्गाचे चार गट करते. एक गट दिग्दर्शक, एक राज्य सरकार, एक त्या नळी घातलेल्या माणसाचे नातेवाईक आणि एक गट तो माणूस स्वतः. पहिले तीन गट तावातावानं भांडतात. दिग्दर्शक म्हणतात हे लोकांना कळायलाच हवं, नातेवाईक म्हणतात आमच्या माणसाला जगानं असं बघितलेलं आम्हाला नको, दिग्दर्शक उलटून सरकारला म्हणतात तुम्ही रुग्णांचा खासगीपणा जपताय की स्वतःची अब्रू? हा मुद्दा फार जोरकस आहे आणि तो निघाला की मला आनंद होतो. पण चौथा गट, जो माणूस स्वतः आहे, त्यांना बोलता येत नाही. म्हणजे त्यांना सुचत नाही, कारण फिल्ममध्ये त्यानं हो म्हटलंय असं कुठे दिसत नाही, नाही म्हटलंय असंही दिसत नाही. एका वर्षी त्या गटातली मुलं अर्धा तास नुसती बसून राहिली आणि शेवटी त्यांच्यातली एक म्हणाली, "आम्हाला कुणी विचारलंच नाही अजून." ती वर्गातल्या चर्चेबद्दल बोलत होती. खरंच, तोपर्यंत तिन्ही गटांपैकी कुणी त्यांच्याकडे वळून एकही प्रश्न विचारला नव्हता.

त्याच्या जोडीला मी आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मधला एक प्रसंग दाखवते. १९८५ ची फिल्म, मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्यावरची. त्यात एक बाई कॅमेऱ्यासमोर आपली कहाणी सांगत नाही, ती कॅमेरेवाल्यांनाच झापते, की गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्यासाठी काय करणार तुम्ही? आणि पटवर्धनांनी ते फिल्ममध्ये ठेवलं. ते कापून टाकणं किती सोपं होतं बघा, कुणाला कळलंही नसतं. मी मुलांना विचारते की हा शॉट ठेवल्यामुळे त्या बाईला काय मिळालं? आणि दिग्दर्शकाला काय मिळालं? दोन वेगळे कागद. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं भराभर येतात, प्रामाणिकपणा दिसला, विश्वास वाढला. पहिल्या प्रश्नापाशी पेनं अडतात.

इथे मला एक धोका लक्षात आला, तो सांगायलाच हवा. अशा तीनचार फिल्म सलग दाखवल्या की मुलं घाबरतात. एका वर्षी निम्म्या वर्गानं असाइनमेंटला निरुपद्रवी विषय घेतले कारण माणसांना दुखवायला नको. नीतिमत्ता म्हणजे मागे हटणं असा अर्थ त्यांनी काढला आणि चूक माझी होती, मी फक्त संयमाची उदाहरणं समोर ठेवली होती. तेव्हापासून मी 'कलेक्टिव्ह' आवर्जून घेते. रोमानियातली फिल्म, दिग्दर्शक अलेक्झांडर ननाऊ, २०१९. बुखारेस्टमधल्या कोलेक्टिव्ह नावाच्या क्लबला ३० ऑक्टोबर २०१५ ला आग लागली, एकूण ६४ जण गेले, पण त्यातले बरेच जण जागेवर नाही, नंतर हॉस्पिटलमध्ये गेले, जंतुसंसर्गानं. आणि हे शोधून काढलं कुणी, तर एका खेळांच्या दैनिकातल्या पत्रकारांनी, काटालिन तोलोन्तान आणि त्यांचे सहकारी. हॉस्पिटलांना पुरवलं जाणारं जंतुनाशक पाणी घालून पातळ केलेलं होतं. स्पोर्ट्सचे पत्रकार! मोठमोठे राजकीय वार्ताहर सरकारी निवेदनं छापत असताना. इथे छापलं नसतं तर ती हानी होती, आणि हे मुलांना दिसावं लागतं, की गप्प बसणं हासुद्धा एक निर्णय आहे आणि त्याचाही हिशोब द्यावा लागतो.

पण त्याच फिल्ममध्ये मी पॉज कुठे दाबते माहितीये? जंतुनाशक कंपनीचा मालक गाडीच्या अपघातात मरतो तिथे. बातम्या छापून आल्यायत, देश पेटलाय, आणि ज्याच्यावर बातम्या आहेत तो माणूस गेला. उद्याचा अंक तुमचा. हेडलाइन लिहा, आणि पुढची बातमी तयार आहे ती लावणार की थांबवणार ते लिहा. या सरावात मी आजवर एकसारखे दोन कागद बघितलेले नाहीत. (या फिल्मच्या सुरुवातीला क्लबमधली आग लागतानाचं खरं फुटेज आहे. ते येणार आहे हे मी आदल्या तासालाच सांगते, आणि ज्यांना बाहेर थांबायचंय त्यांनी कारण न सांगता थांबावं. वर्गात कोण काय सोसून आलेलं आहे आपल्याला माहीत नसतं. एकदा न सांगता दाखवलं होतं आणि एक मुलगा उठून गेला तो त्या दिवशी परत आला नाही, त्यामुळे आता हा नियम मी मोडत नाही.)

पुन्हा घडवून आणलेल्या प्रसंगांवर मी एकच तास देते. 'नानूक ऑफ द नॉर्थ', १९२२, रॉबर्ट फ्लॅहर्टी. नानूकचं खरं नाव अलाकारियालाक होतं, फिल्ममधली बायको त्याची बायको नव्हती, आणि इग्लूच्या आत कॅमेरा मावत नव्हता, उजेडही पुरत नव्हता म्हणून मोठा इग्लू बांधून त्याची एक बाजू उघडी ठेवली होती. शिकारीला ते लोक तोवर बंदुका वापरायला लागले होते तरी फिल्ममध्ये भाला. मुलं म्हणतात इग्लू चालेल, भाला नाही चालणार, आणि मग हा फरक नेमका का ते शोधण्यात त्यांचा तास जातो. त्याच्यासमोर एरल मॉरिसची 'द थिन ब्लू लाइन' ठेवायची, १९८८, डॅलसमधल्या पोलिसाच्या खुनाचा प्रसंग त्यात पुन्हा पुन्हा अभिनय करून दाखवलाय, पण दर वेळी वेगळा, ज्या साक्षीदाराचं म्हणणं असेल त्याप्रमाणे. प्रेक्षकाला कळतं की हे घडलेलं नाही, हे सांगितलेलं आहे. त्या खुनात शिक्षा झालेला रँडल अ‍ॅडम्स फिल्मनंतर १९८९ मध्ये तुरुंगातून सुटला. म्हणजे नाट्यरूपांतर तिकडेही आहे आणि इकडेही.

हल्ली मुलं यावरून सरळ एआयवर येतात. अँथनी बोर्डेन या अमेरिकन शेफ आणि टीव्ही सादरकर्त्यावरच्या 'रोडरनर' या २०२१ च्या फिल्ममध्ये त्यानं लिहिलेली काही वाक्यं त्याच्याच आवाजात ऐकू येतात, तो २०१८ मध्ये गेलेला, आवाज एआयनं बनवलेला, आणि हे फिल्ममध्ये कुठेही सांगितलेलं नाही, दिग्दर्शकानं नंतर मुलाखतीत सांगितलं. शब्द त्याचेच होते ना, असं मुलं म्हणतात. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे, लिहिलेलं आणि बोललेलं एक नसतं, माणूस जे लिहितो ते तो मोठ्यानं म्हणेलच असं नाही, आणि पडद्यावर एक ओळ टाकायला काय जात होतं. पण मी माझं मत शेवटी सांगते, आधी सांगितलं की पेनं तेच लिहायला लागतात.

एक फिल्म अशी आहे जी मी वर्षाच्या शेवटासाठी राखून ठेवते, 'रायटिंग विथ फायर', २०२१, रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांची. खबर लहरिया या ग्रामीण महिला पत्रकारांनी चालवलेल्या माध्यमावरची. मुलं फिल्म बघून भारावून जातात, मोबाईल हातात घेऊन खाणमाफियावर बातम्या करणाऱ्या, पोलिसांना थेट प्रश्न विचारणाऱ्या त्या बायका बघून माझ्या वर्गातल्या मुली ताठ बसतात, मी दर वर्षी बघते हे. त्यांना तसंच राहू देते एक दिवस. दुसऱ्या दिवशी सांगते की ऑस्करच्या थोडं आधी, मार्च २०२२ मध्ये, खुद्द खबर लहरियानं जाहीर निवेदन काढलं की फिल्म प्रभावी आहे पण आमचं सगळं लक्ष एका राजकीय पक्षाच्या बातम्यांवरच असल्यासारखं चित्र तीत उभं राहतं आणि ते बरोबर नाही.

वर्ग उभा फुटतो. ज्यांनी काल टाळ्या वाजवल्या त्यांना फसवल्यासारखं वाटतं, काही म्हणतात दिग्दर्शकाला काय बघायचं ते निवडायचा हक्क आहेच, काही म्हणतात पण त्यांच्यावर उद्या हल्ला झाला तर दिग्दर्शक कुठे असणार, त्या तर तिथेच राहतात. आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं की त्या स्वतः रोज दुसऱ्यांच्या गोष्टी कापून दाखवतातच ना, त्यांनाही असं कुणी म्हणत असेल. इथे मी काही बोलत नाही. या एका फिल्मच्या दोन्ही टोकांना पत्रकार आहेत, आणि आज माईक हातात धरलेला माणूस उद्या माईकसमोर बसू शकतो हे मुलांना माझ्या व्याख्यानापेक्षा इथे जास्त कळतं.

यावरूनच मला शेवटचा सराव सुचला. जोड्या लावायच्या, एकानं दुसऱ्याची वीस मिनिटं मुलाखत घ्यायची, विषय एकच, आयुष्यात घेतलेला एखादा अवघड निर्णय. मग त्याची दोन मिनिटांची फिल्म कापायची आणि सगळ्या वर्गासमोर दाखवायची, ज्याची मुलाखत आहे तो पहिल्या रांगेत बसलेला. मी पडद्याकडे बघत नाही, पहिल्या रांगेकडे बघते. मागच्या वर्षी एका मुलीनं शिक्षण मध्येच सोडून परत सुरू करण्याबद्दल सांगितलं होतं, तिच्या पार्टनरनं फार सुंदर फिल्म केली, संगीत, खिडकीतला उजेड, सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र हाताची घडी घालून बसली होती. म्हणाली, "सगळं मीच बोललेय. पण मी हसत हसत सांगितलं होतं." त्यानं जिथे जिथे ती हसली ते कापलं होतं, कारण गंभीर विषय आहे आणि हसू बसत नव्हतं. त्या मुलाचा चेहरा उतरला. तो परत बसला, रात्रभर, आणि हसू घातलेली आवृत्ती घेऊन आला, ती थोडी विस्कळीत होती, संगीत कुठे बसत नव्हतं म्हणून काढून टाकलेलं. ती बघताना ती मुलगी परत हसली, पडद्यावर जिथे हसली होती तिथेच.

कुणी हे करून बघणार असेल तर दोनतीन गोष्टी. पूर्ण फिल्म वर्गात दाखवू नका, गोष्टीच्या ओघात मुलं प्रेक्षक होऊन जातात, सातआठ मिनिटांचा तुकडा पुरतो, बाकीची त्यांनी घरी बघावी. तोच तुकडा एकदा आवाज बंद करून दाखवा, संगीत किती काम करत होतं ते लगेच कळतं. आणि चर्चेआधी लिहून घ्या, नक्की, नाहीतर जो आधी आणि मोठ्यानं बोलतो त्याचंच मत वर्गाचं होतं.

मार्कांचा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. फायनल प्रोजेक्टला एका मुलीनं एका वयस्कर गृहस्थांवर फिल्म केली होती, रफ कट मी बघितला होता, त्यात ते एका कागदावर सही करतायत आणि त्यांचा हात थरथरतोय असा शॉट होता, अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात चांगला. फायनल कटमध्ये तो नव्हता. फिल्म त्यामुळे थोडी सपाट झाली होती, आणि माझ्या मार्कांच्या तक्त्यात कॅमेरा, साउंड, एडिटिंग, रिसर्च असे रकाने होते, पडद्यावर नसलेल्या शॉटला मार्क द्यायला रकानाच नव्हता. मी तिला विचारलं तेव्हा कळलं की तिनं कापलेली फिल्म नेऊन त्यांना दाखवली होती. सही फॉर्मवर आधीच होती, दाखवायची काही सक्ती नव्हती.

तेव्हापासून प्रत्येक फिल्मसोबत एक पान मागते, काय काढलं आणि का काढलं. काही मुलं दोन पानं भरून लिहितात. तिनं तिचं पान नंतर आणून दिलं, त्यावर एकच ओळ होती. "सहीचा शॉट. त्यांनी नको म्हटलं."